घागऱ्याची की ड्रेसची

मुलाखतीला काय घालून जायचं हे विचारायला पोरी रविवारी एलिओदोरा तार्कीकडे यायच्या. ला पास शहराच्या डोक्यावर, डोंगरावर वसलेल्या आमच्या एल आल्तोत ज्या घरी नोकरीचं बोलावणं यायचं, त्या घरची पोर दुसऱ्या रविवारी आईला घेऊन तिच्या दारात उभी, हे ठरलेलंच. एलिओदोरा आधी पोरीला उन्हात उभी करायची, मग एक गिरकी घ्यायला लावायची आणि बाजारात मेंढी पारखतात तशी खालपासून वर बघायची.

"बूट?"

"हेच, मावशी."

"हे? मुलाखतीला निघालीस की मिरवणुकीला? काळे घाल. टाच तीन बोटं. चौथं बोट आलं की साहेबाला भलतंच वाटतं, दोनच राहिली की तो तुझ्या हातात झाडू देतो. कानात काय लोंबतंय ते काढ. आता हस. दात आत! विकायला काढलेस का? नुसत्या ओठांनी हस. हं. आता म्हण, 'सुप्रभात, लिसेन्सियादो.'"

"पण मावशी, तो पदवीधर नसला तर?"

"मग दोनदा म्हण."

पोर घागऱ्यात आलेली असली, तर मात्र हे काहीच व्हायचं नाही. एलिओदोरा तिला गिरकीसुद्धा घ्यायला लावायची नाही. "आधी हा उतरव," एवढंच म्हणायची, आणि म्हणताना पोरीच्या आईकडे बघायची नाही.

आमच्याकडे बायका दोन प्रकारच्या. घागऱ्याच्या आणि ड्रेसच्या. अंगावर आज काय आहे त्याच्याशी याचा संबंध नाही; आडनावासारखं ते जन्माला चिकटून येतं. घागऱ्याची म्हणजे घेरदार पोलेरा, खाली चार परकर, खांद्यावर शाल, डोक्यावर गोल टोपी आणि पाठीवर दोन लांब वेण्या. ड्रेसची म्हणजे बाकी सगळ्या. घागरा टाकून पलीकडे गेली तिला बिर्लोचा म्हणतात, आणि तो शब्द बायका असा उच्चारतात की दातात खडा आल्यासारखं वाटतं. गेलेली परत आली, कामापुरता घागरा चढवायला लागली, तर तिच्यासाठी पोरांच्या खेळण्यातलं नाव आहे. ट्रान्सफॉर्मर. आज गाडी, उद्या राक्षस.

एलिओदोरा एकोणिसाव्या वर्षी पलीकडे गेली. पेपरात एका पतपेढीची जाहिरात होती: 'टायपिस्ट पाहिजे. मुलगी व्यवस्थित दिसणारी असावी.' तिच्याकडे टायपिंगचं सर्टिफिकेट होतं आणि जत्रेसाठी शिवलेला वांगी रंगाचा नवाकोरा घागरा होता. यापेक्षा व्यवस्थित माणूस कसं दिसतं ते तिला माहीत नव्हतं. दारावरचा माणूस म्हणाला, "स्वयंपाकीण आहे की. तुला कुणी पाठवलं?" ती म्हणाली, टायपिस्ट. तो तिच्या मागे कुणी आहे का ते बघायला लागला. तीन दिवसांनी ती त्याच दारात गेली, तेव्हा वेण्या कापलेल्या होत्या आणि अंगावर उसना करडा स्कर्ट होता. तोच माणूस उठून उभा राहिला. "या ना, सेन्योरिता."

तेव्हापासून पस्तीस वर्षं ती त्या पतपेढीत होती. आधी टायपिंगला, मग खिडकी नंबर तीनवर. सोमवार ते गुरुवार करडा कोट-स्कर्ट, शुक्रवारी निळा. खिडकीपुढे बायका आयमारात बोलायच्या आणि एलिओदोरा त्यांना स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायची, कारण नियम तसा होता. सगळं कळायचं तिला. आईच्या पोटातून आणलेली भाषा, कळणार नाही तर काय. पण तोंड उघडलं की बाहेर स्पॅनिशच यायचं, इस्त्री केलेलं.

ज्या वर्षी तिला चौपन्न पूर्ण झाली, त्या वर्षी पतपेढीत नवी व्यवस्थापिका आली. लिसेन्सियादा व्हिवियाना. हिला सगळं इवलंसं लागायचं. "एलिओदोरा, एक इवलीशी फाईल देता? इवलासा चहा घेऊ या?" खाली ला पास शहरात सगळेच असं लाडेलाडे बोलतात, पण हिच्या तोंडून 'इवलंसं' निघालं की शहाण्याने खुर्ची घट्ट धरावी. मे महिन्यात इवलासा बदल झाला, दोन शिपाई घरी गेले. जूनमध्ये तिने एलिओदोराला आत बोलावलं.

"एक इवलंसं बोलायचं होतं. काळ बदललाय, नाही का? आपल्या सभासद सगळ्या घागऱ्याच्या. खिडकीत त्यांना आपलं माणूस दिसलं पाहिजे. आयमारा बोलणारं, घागऱ्यातलं. चार खिडक्या आहेत, सगळ्यांसाठी नव्याने मुलाखती घेतोय. तुम्हीसुद्धा इवलीशी देऊ शकता."

"मी पस्तीस वर्षं त्याच खिडकीत बसतेय, लिसेन्सियादा."

"हो ना! किती गोड."

"आणि निवड नाही झाली तर?"

"तर मग इवलासा निरोपसमारंभ करू."

पेन्शनला चार वर्षं राहिली होती. चौपन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कुणी देत नाही. कुठल्या जाहिरातीत वयाची अट काय असते हे एलिओदोराइतकं आख्ख्या एल आल्तोत कुणाला माहीत नव्हतं. ती तशीच उठली आणि कामावरून सरळ आईकडे गेली.

आई, डोन्या गुमेर्सिंदा, अठ्ठ्याहत्तरची. सगळा जन्म बाजारात जमिनीवर बसून गोठवून वाळवलेले काळे बटाटे विकले. आता गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

"आई, एक घागरा दे. चार दिवसांसाठी."

"कोण मेलं?"

"कुणी नाही. मुलाखत आहे."

"मुलाखतीला घागरा?" म्हातारी हसायला लागली ती खोकल्याची उबळ येईपर्यंत हसली. "अगं, मुलाखतीसाठीच उतरवला होतास ना? आता काय, साहेब लोकांना थंडी वाजायला लागली?"

"देतेस का?"

"दोन आहेत. एक अंगावर, एक मला पुरतील तेव्हाचा. कुठला देऊ? आणि तुझ्या अंगावर राहायचा नाही तो. बूड कुठाय तुला? खुर्चीने खाल्लं सगळं."

"आई, माझी नोकरी जाईल गं."

म्हातारीचं हसू थांबलं. "वेण्या कापून घरी आलीस, त्या दिवशी मी काही बोलले?"

"नाही."

"आठवडाभर बाजारात सांगत होते, पोरीला उवा झाल्या म्हणून कापल्या. उवा! माझ्या घरात! तुझ्यासाठी तेवढं एक खोटं बोलले मी. आता पुन्हा नाही बोलायचं."

म्हणून एलिओदोरा भाड्याने कपडे देणाऱ्या फाउस्तोकडे गेली. तिथे साधा घागरा औषधालाही शिल्लक नव्हता.

"उशीर केलात, बाई," फाउस्तो पोटावर टेप गुंडाळत म्हणाला. "या आठवड्यात सगळं गावच घागऱ्याचं झालंय. काल एक आली, भुवया कोरलेली, टाचा ह्या एवढ्या. म्हणते, 'काका, एक अस्सल द्या. मीडियम साइज.' आता हा एकच आहे बघा. मोरेनादा नाचाच्या मिरवणुकीतला."

नाचाचा घागरा. पाचूसारखा हिरवागार, सोनेरी जर, काठाला टिकल्यांच्या तीन ओळी. हा घालून ऑफिसात जाणं म्हणजे लग्नाचा साज चढवून दळण आणायला निघण्यासारखं. एलिओदोराला हे कळत नव्हतं असं नाही. पण तिने हिशोब मांडला, पस्तीस वर्षांच्या अनुभवाने मांडला: मुलाखत घेणारे खालच्या शहरातले, ड्रेसवाले. त्यांना नाचाचा कुठला आणि रोजचा कुठला, काय कळणार?

"आणि वेण्या?" तिने विचारलं. तिचे केस मानेपर्यंतच होते.

"आहेत ना. घोड्याच्या नाहीत हं, बाईच्याच आहेत. इथे आकडा आहे, टोपीखाली दिसत नाही. मान मात्र झटकू नका."

हिशोब बरोबर निघाला. तिथेच तर सगळं चुकलं.

मुलाखतीच्या दिवशी बाहेर एक अर्ज भरायला दिला. नाव, वय, शिक्षण, आणि मग दोन चौकोन. घागऱ्याची. ड्रेसची. योग्य तिथे खूण करा. खाली बारीक अक्षरात होतं की माहिती खोटी निघाल्यास कोणताही मोबदला न देता सेवा समाप्त करण्यात येईल. एलिओदोरा पेन धरून बसून राहिली. खोटं कुठलं? आईच्या पोटातून ती घागऱ्याचीच आली होती. मग तिने पहिल्या चौकोनात खूण केली आणि सही ठोकली.

शेजारी एक चोवीस-पंचवीसची मुलगी बसली होती. झुल्मा काताकोरा. तपकिरी रंगाचा साधा घागरा, स्वतःच्या वेण्या, मांडीवर विद्यापीठाची पदवी प्लॅस्टिकमध्ये. ती बराच वेळ त्या हिरव्या काठाकडे बघत होती.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "हा नाचाचा आहे."

"कळतं का?"

"आपल्याला कळतं. त्यांना नाही कळायचं." आणि पोरीने हात पुढे करून एलिओदोराच्या शालीची पिन काढली, नीट जागेवर लावली. "पिन तेवढी उलटी होती."

आत व्हिवियाना होती, आणि तिच्या शेजारी संस्कृती सल्लागार म्हणून एक तरुण, हातमागाचं जाकीट घातलेला. त्याला एकच शब्द येत होता, पण तो मनापासून यायचा.

"अस्सल!" एलिओदोरा दारातून आली तसा तो खुर्चीतून अर्धा उठला. "काय रंग आहेत! अस्सल!"

"आयमारात एक इवलंसं काहीतरी बोला ना," व्हिवियाना म्हणाली.

एलिओदोरा ओठांनी हसली. दात आत. आणि आयमारात म्हणाली, "माझे बूट चावतायत, टोपी डुगडुगतेय, आणि मी काय बोलतेय ते तुमच्या दोघांच्या बापालाही कळणार नाही."

"अस्सल," तरुणाच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिची निवड झाली. झुल्माचीही झाली, आणखी दोघींचीही. सोमवारी चौघींना बोलावून व्हिवियानाने खोकी उघडली. पतपेढीचा नवा गणवेश. चार घागरे, हिरवेगार, सोनेरी जर, काठाला टिकल्यांच्या तीन ओळी, आणि टिकल्यांच्या वर गोल फिरवून पतपेढीचं बोधचिन्ह भरलेलं.

"डोन्या एलिओदोराचा बघूनच शिवून घेतले," व्हिवियाना म्हणाली. "एलिओदोरा, तुमचे करडे-निळे कोट-स्कर्ट आता जमा करायचे हं. इवलीशी सही इथे."

बाकीच्या दोघी खोक्याकडे बघत राहिल्या, मग एलिओदोराकडे. झुल्माने कुणाकडेच बघितलं नाही. तिने कापड दोन बोटांत धरलं आणि सोडून दिलं.

पहिल्या दिवशी पहिली सभासद आत आली, कांदेवाली, पाठीवर गाठोडं. चारही खिडक्यांवरून तिची नजर फिरली. "माफ करा हं," ती म्हणाली, "मिरवणूक संपली की येते."

मग रोजच सुरू झालं. "ए तीन नंबर, बँड कुठाय तुझा?" "अगं, उठून एक फेर तर घे, पासबुक नंतर भर." "ही बसलीय कशी बघ, कोटातल्यासारखी. गुडघे चिकटवून!" हे सगळं आयमारात, मोठ्याने, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एलिओदोराला आता आयमारात बोलायची परवानगी होती, नव्हे, सक्तीच होती. ती आयमारात विचारायची, "आज काय काम काढलंत, आत्या?" आणि बायका तिला स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायच्या. थंड, स्वच्छ, जसं ती पस्तीस वर्षं त्यांना देत आली होती तसं. तिसऱ्या आठवड्यात दोन नंबरपुढे रांग दारापर्यंत गेली, तरी तिच्या खिडकीपुढे कुणी सरकेना. रांगेतून एकीने नुसतं तोंड वाकडं केलं, हात खेळण्यातल्या यंत्रासारखे हलवले आणि आवाज काढला. घर्र, खट्, खट्. ट्रान्सफॉर्मर. सगळी रांग फिदीफिदी.

बाकीच्या तिघींना हसू येत नव्हतं. झुल्मा रोज तपकिरी घागऱ्यात यायची, संडासात जाऊन हिरवा चढवायची आणि संध्याकाळी परत तपकिरी घालून जायची. घागरा उतरवून घागरा घालणारी बाई आमच्याकडे त्याआधी कुणी पाहिली नव्हती. जेवायच्या सुट्टीत एकदा तिने एलिओदोराला गाठलं.

"मावशी, तुम्ही बाईंना सांगा ना हा नाचाचा आहे म्हणून. आम्ही सांगितलं तर म्हणतात, 'डोन्या एलिओदोरा तुमच्यापेक्षा मोठ्या आहेत, त्यांना जास्त कळतं.'"

"तुम्हीच नीट सांगा."

"तिघींनी सांगितलं. तुमचं नाव पुढे करतात. माझी आजी मला विचारते, तुला तिथे नाचायला ठेवलंय का गं? बाजारातून जाते तर बाया डोळा मारतात. तुमचं जाऊ द्या, पण मी जन्मापासून यातच आहे ना."

एलिओदोरा डब्यातला बटाटा सोलत होती. सांगायचं म्हणजे, भाड्याने आणला होता हे सांगायचं. म्हणजे वेण्याही आल्या, आणि अर्जावरचा चौकोन आला.

"बघते," ती म्हणाली.

"कधी?"

"बघते म्हटलं ना, पोरी."

तिने बघितलं नाही. चार वर्षांतले सव्वातीन महिने गेले होते. रोज सकाळी ती आकडे अडकवायची, मान ताठ ठेवायची आणि घरून निघतानाच हिरवा घालून निघायची, कारण संडासात कपडे बदलताना झुल्मा समोर आली असती.

ऑक्टोबरात बाजारातल्या बायकांच्या संघटनेचं पत्र आलं. चाळीस अंगठे, सोळा सह्या. पतपेढी घागऱ्याच्या बायकांचा तमाशा करते, नाचाचे कपडे घालून मुलींना खिडकीत बसवते, आणि तीन नंबरला तर बिर्लोचा बसवली आहे. हे थांबलं नाही तर आम्ही सगळ्याजणी खाती बंद करू. पहिली सही झुल्मा काताकोरा.

व्हिवियानाने एलिओदोराला आत बोलावलं. त्या दिवशी ती एकदाही 'इवलंसं' म्हणाली नाही.

"हा नाचाचा आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हाला आवडला होता, लिसेन्सियादा."

"मी तुम्हाला विचारते आहे."

"होतं."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत. तिघी मुली येऊन सांगत होत्या, आणि मी त्यांना तुमचं नाव सांगत बसले." तिने फाईलमधून तो अर्ज काढला, चौकोनावर बोट ठेवलं. "इथे काय लिहिलंय? तुम्ही घागऱ्याच्या आहात की ड्रेसच्या?"

एलिओदोराने अर्ज आपल्याकडे वळवला. दाराबाहेरच्या रांगेतलं हसणं ऐकू येत होतं. एकोणीस वर्षं एक आणि पस्तीस वर्षं दुसरी. यासाठी त्या कागदावर चौकोन नव्हता.

"बोला ना."

"तुम्हाला जे बरं वाटतं ते लिहा," ती म्हणाली.

व्हिवियानाने लिहिलं. खोटी माहिती, सेवा समाप्त, मोबदला नाही. एलिओदोराने सही केली. मग गणवेश जमा करायला सांगितलं. आजच, आत्ताच, संघटनेच्या बायका चार वाजता येणार होत्या आणि त्यांच्यासमोर तो हिरवा रंग इमारतीत कुणाच्याही अंगावर दिसायला नको होता.

ती संडासात जाऊन हिरवा घागरा उतरवून उभी राहिली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की घालून जायला काहीच नाही. करडा आणि निळा जूनमध्येच जमा झाले होते. खाली फक्त परकर होते, आणि तेही पतपेढीचे. दार वाजलं. झुल्मा होती, तपकिरी घागऱ्यात.

"मावशी, माझा तुमच्यावर राग नाही," ती दाराबाहेरूनच म्हणाली. "पण तुम्ही सांगितलं असतं, तर पत्राची वेळ आली नसती."

एलिओदोराने दार बोटभर उघडलं. खाली नुसते परकर.

"बाहेरून काही आणू का घालायला? काय आणू?"

"काय मिळेल ते."

पोर पळत गेली आणि पदपथावरच्या ढिगातून एक ट्रॅकसूट घेऊन आली. निळा, बाजूला पांढऱ्या पट्ट्या, शाळेतल्या मुलांचा असतो तसा, आणि दोन नंबर मोठा. एलिओदोराने पायजम्याचे पाय दोनदा दुमडले. मग सगळं हातावर घेऊन ती भांडारात गेली. भांडारातल्या माणसाने यादी पुढे ओढली.

"घागरा एक. परकर चार. शाल एक, पिनसकट. टोपी एक." त्याने मान वर केली. "वेण्या?"

"वेण्या मी भाड्याने आणल्यात."

"यादीत वेण्या आहेत. 'गणवेश, संपूर्ण.' मला बाई विचारतील."

ती वाद घालू शकली असती. फाउस्तोची पावती घरी होती. तिने मानेमागे हात नेला, एक आकडा काढला, मग दुसरा, आणि दोन्ही वेण्या टेबलावर घागऱ्याशेजारी ठेवल्या. माणसाने त्या पेनाच्या टोकाने बाजूला सारल्या आणि यादीवर खूण केली.

बाहेरच्या हॉलमध्ये दुपारची रांग लागली होती. तीन नंबरच्या खिडकीत कुणी नव्हतं, तिथे 'बंद' अशी पाटी होती, आणि बायका दोन नंबरपुढे दाटीवाटीने उभ्या होत्या. एलिओदोरा दाराकडे निघाली. वाट रांगेतूनच होती. कुणीही तिला ओळखलं नाही. ती मधून वाट काढायला लागली तशी एका म्हातारीने तिच्या छातीवर तळहात टेकवला.

"ए बाई, मध्ये कुठे घुसतेस? आम्ही सकाळपासून उभ्या आहोत. मागे जा, मागे."

"हो, आत्या," एलिओदोरा म्हणाली, आणि मागे जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.